ब्रश फिनिश स्टीलवरचा ओरखडा काढताय? या चुका टाळा

सिंकमध्ये किंवा किचन चिमणीच्या पत्र्यावर ओरखडा दिसला की हात घासणीकडे जातो आणि गोल गोल फिरू लागतो. पत्रा खरा बिघडतो तो इथे. ब्रश फिनिश म्हणजे कारखान्यात मुद्दाम एकाच दिशेने पाडलेल्या बारीक रेघा. ओरखडा त्या रेघांना आडवा जातो, म्हणून डोळ्यांत भरतो. दुरुस्ती करायची म्हणजे त्या जागी शेजारच्यासारख्याच रेघा पुन्हा पाडायच्या.

त्यामुळे आधी दिशा ओळखा. टॉर्च तिरपा धरला की रेघा स्पष्ट दिसतात. त्याच दिशेने, हलक्या दाबाने, सँडपेपरचे लांब हात मारा. फक्त ओरखड्यावर घासत बसलात तर तेवढाच पट्टा वेगळा चमकतो आणि ओरखड्यापेक्षा जास्त खुपतो. दोन्ही बाजूंना बरंच पुढे जा. पट्टी अरुंद असेल तर सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

सगळ्यात जास्त गफलत पेपरच्या नंबरात होते; नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. ‘जितका बारीक पेपर तितकं काम सुबक’ हा समज इथे उलटा पडतो. नेहमीचं ब्रश फिनिश साधारण १२० ते १८० नंबरच्या घासायच्या पट्ट्याने (सँडिंग बेल्टने) केलेलं असतं. तिथे १००० नंबरचा पेपर फिरवला तर रेघा पुसट होऊन तेवढाच भाग गुळगुळीत आणि जास्त चमकदार दिसतो. म्हणून कोपऱ्यात, सहज न दिसणाऱ्या जागी आधी घासायचा मरून रंगाचा नायलॉन पॅड किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा सँडपेपर) वापरून पाहा. रेघा जुळल्या नाहीत तर एकेक पायरी जाड पेपरकडे या. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, बोटांनी दाबलात तर पत्र्यावर पट्टे उठतात. पाणी लावत राहा.

लोखंडी तारेची घासणी अजिबात नको. तिचे कण रेघांत अडकतात आणि गंजतात. मग लोक म्हणतात, स्टीलच खोटं निघालं. लोखंडावर वापरलेला पेपरही स्टीलवर आणू नका. घासून झाल्यावर टॉयलेट क्लीनर किंवा ब्लीच ओतणं तर त्याहून वाईट. त्यांतल्या क्लोराइडमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात. साबणपाण्याने धुऊन कोरडं पुसा, एवढं पुरतं. स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर हवेत आपोआप पुन्हा धरतो.

फ्रिजच्या दाराला मात्र हात लावण्याआधी थांबा. स्टीलसारखी दिसणारी बरीच दारं प्रत्यक्षात रंगवलेल्या किंवा फिल्म चिकटवलेल्या पत्र्याची असतात. खऱ्या स्टीलच्या दारावरही बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून पारदर्शक लेप असू शकतो. पेपर लावला की तो लेप जातो, आणि घरी परत चढवता येत नाही. माहितीपुस्तिकेत लेपाचा उल्लेख असेल किंवा ओरखड्यातून वेगळाच रंग दिसत असेल, तर ओरखडा तसाच राहू द्या.

नख अडकेल इतका खोल चरा हाताने काढायला जाऊ नका. तेवढं स्टील घासून काढलं तर तिथे खोलगट भाग उरतो आणि उजेडात तो लपत नाही. असं काम स्टील फॅब्रिकेशनवाल्याला दाखवा.