मुलांचं गाणं बसवताय? आधी श्वासाच्या जागा ठरवा

गॅदरिंग आणि युवा महोत्सवाचा सीझन आला की गाणं शिकवणाऱ्या प्रत्येकाला पालक एकच गोष्ट सांगतात, "गाते छान हो, पण एक्स्प्रेशन्स देत नाही, जरा बघा ना." मग त्या मुलीला सांगायचं, हस, हात कर, समोर बघ, आणि ती बिचारी अंतऱ्यात कुठल्या शब्दाला हात करायचा हे आठवण्याच्या नादात सूर घालवून बसते. माझं म्हणणं असं की चेहऱ्याचं नंतर बघू, भाव आधी श्वासात आणि शब्दात यायला हवा, म्हणून मी सगळं उलट्या क्रमाने घेते.

पहिली गोष्ट पट्टी, म्हणजे गाण्याचा सा कुठल्या सुरावर धरायचा ते. कराओकेची पट्टी बहुतेक वेळा मूळ गायकाची असते, तुमच्या विद्यार्थ्याची नाही, तरी मुलं त्यातच गाणं पाठ करून येतात. पेटी घ्या, गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधा, आणि दोन्ही न ओढता लागतील ती पट्टी धरा. मुली साधारण काळी चार-पाचला (म्हणजे पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून), मोठे मुलगे काळी एक-दोनला, पण हा काही कायदा नाही. आठवी-नववीतला मुलगा असेल आणि आवाज फुटत असेल तर मागच्या वर्षीच्या पट्टीत त्याला अजिबात ढकलू नका, खाली आणा आणि छोट्या पल्ल्याचं गाणं द्या. काळी चारला मध्य सा लावताना मुलीचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०८ वेळा एकमेकांवर आदळतात, तार सा ला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा ला, त्याच्या दुप्पट, म्हणजे तोच तार सा ओरडून लावला तर गळा बसणारच ना.

रियाजाचं फार लांबवत नाही. तंबोऱ्याचं ॲप लावायचं, खांदे न उचलता श्वास घ्यायचा, बरगड्यांच्या खाली हात ठेवला की पोट-कंबर फुगलेली कळते, मग "स्स्स" करत तो सावकाश, एकसारखा सोडायचा. त्यानंतर सा वर आकार (नुसता "आ"), थोडा खर्ज म्हणजे खालचे सूर, चार-पाच पलटे (सुरांच्या ठरलेल्या सरावाच्या ओळी) आधी ठाय म्हणजे संथ लयीत आणि मगच दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत. जबडा आवळलेला असेल तर ओठ फुरफुरवत तोच पलटा घ्या, हसायला येतं पण गळा सुटतो.

आता खरं काम. समजा ओळ आहे, "दार उघडून आई वाट पाहते अजून". शंभरातली ऐंशी मुलं "दार उघडून आई वाट" पर्यंत दामटतात, तिथे दम संपतो, मग श्वास आणि मग "पाहते अजून". झालं, वाट एकीकडे आणि पाहणं दुसरीकडे, आता कितीही डोळे पाणावून गा. श्वास "उघडून" नंतर घ्यायला लावा, पुढचं सगळं एका दमात, लगेच ऐकणाऱ्याला ती आई दिसायला लागते. मी तर गाण्याच्या कागदावर पेन्सिलने श्वासाच्या खुणाच करून देते. तसंच "अजून" लांबवायचं तर "जू" वर थांबायचं आणि "न" अगदी शेवटी मिटायचा, "न" वर थांबलात की आवाज नाकात गेलाच. आणि हा ज जहाजातला, जगातला नव्हे, इंग्लिश मीडियमची मुलं इथे हमखास घसरतात, ळ आणि ण ची तर वेगळीच रडकथा.

ओळ नुसती बोलायला लावा, घरात आईशी बोलतो तशी, सूर नाही ताल नाही. कुठल्या शब्दावर आपोआप जोर येतो ते बघा आणि गाताना तो तिथेच ठेवा. रेकॉर्डिंग करा पण व्हिडिओ नको, फक्त ऑडिओ, आवाजात भाव नसेल तर तिथे पितळ उघडं पडतं. एवढं झालं की चेहरा निम्मा आपोआप बोलतो.

स्टेजवर मग फार थोडं उरतं. डोळे पूर्ण मिटून गाऊ नका, परीक्षकांच्या डोक्याच्या थोडं वर नजर ठेवा. मोबाईलमध्ये बघून गाणं तर साफ बंद, नजर खाली गेली की मानही खाली जाते आणि आवाजही. माईक तोंडापासून चार बोटं, तार सप्तकात थोडा लांब, आणि जाळीवर मूठ आवळायची नाही, शिट्टी वाजते. मधलं म्युझिक सुरू असताना पुतळ्यासारखं उभं न राहता तबल्याकडे बघा, लय अंगात ठेवा, रंगमंचावर गाण्याइतकंच ऐकणंही दिसतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पालक दही-लोणचं बंद करतात आणि पोरगं दुपारभर मॅचला आरडाओरडा करतं, त्याचं काय! रात्री उशिरा तिखट-तेलकट खाऊन लगेच झोपणं टाळा, पित्त वर आलं की सकाळी आवाज जड होतो. सारखं खाकरू नका, घसा बसला तर कुजबुजत बोलणंही नको, सरळ गप्प बसा. पाणी दिवसभर प्यायचं, ऐनवेळी प्यालेलं पाणी तोंड ओलं करतं, स्वरतंतूंपर्यंत ते जातच नाही. आणि तबलजी ऐनवेळी भेटणार असेल तर त्याला "थोडं फास्ट" वगैरे सांगू नका, मुखडा टाळी देत गाऊन दाखवा, पहिली सम (तालाची पहिली मात्रा) कुठल्या शब्दावर येते ते दाखवा आणि मगच स्टेजवर चढा.