कामगारक्रांती पसरते कशी? मार्क्सवादी सिद्धांत पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

राज्यशास्त्र किंवा इतिहास घेऊन एम.ए.ला आलेली मुलं दरवर्षी भेटतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: मार्क्सवाद वाचायला सुरुवात कुठून करू? हातात बहुधा सीनियरकडून आलेल्या नोट्स असतात. मार्क्स, लेनिन, रोझा लक्झेंबर्ग, ट्रॉट्स्की, ग्राम्शी, माओ अशी नावं एकाखाली एक आणि प्रत्येकाचे चार-पाच मुद्दे. परीक्षेपुरतं तेवढं चालून जातं. पण ही माणसं एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडत होती, हे त्या नोट्समधून कळत नाही. एका कारखान्यातल्या पगाराच्या भांडणातून अख्ख्या देशातली सत्ता उलथते कशी, आणि एका देशातली आग दुसऱ्या देशात जाते की जात नाही, हा तो प्रश्न. अनेक वर्षं हे विषय शिकल्या-शिकवल्यावर माझं ठाम मत झालं आहे की यांतलं प्रत्येक पुस्तक त्यामागच्या संपासकट किंवा उठावासकट वाचलं पाहिजे. आधी घटना, मग सिद्धांत.

मी सगळ्यांना १९०५ च्या रशियापासून सुरुवात करायला सांगते. त्याआधी फक्त कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा पहिला भाग वाचून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे. १८४८ मध्ये मार्क्स आणि एंगल्स तिथे म्हणतात की कामगारांच्या लढ्याचं खरं फळ लगेच मिळणाऱ्या यशात नसतं, ते वाढत जाणाऱ्या एकजुटीत असतं. आणि ही एकजूट वाढवायला मदत कोण करतं? भांडवलदारांनीच उभारलेली दळणवळणाची साधनं. मध्ययुगातल्या नागरिकांना जी एकी करायला शतकं लागली, ती रेल्वेमुळे कामगार काही वर्षांत साधतील, असं ते लिहितात. या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.

आता सप्टेंबर १९०५, मॉस्को. सितिन यांच्या छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवणारे कामगार संपावर गेले. मागणी काय, तर कामाचे तास कमी करा आणि हजार अक्षरांमागचा दर वाढवा, आणि अक्षरं मोजताना विरामचिन्हंही धरा. स्वल्पविराम जुळवायलाही हात लागतो, मग त्याचे पैसे का नाहीत? मॉस्कोतले इतर छापखाने बंद पडले, मग पीटर्सबर्गचे छापखाने त्यांच्या पाठिंब्याला उतरले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मॉस्को-कझान मार्गावरचे रेल्वे कामगार संपात आले आणि तिथून चित्रच पालटलं. जी रेल्वे माल आणि सैन्य नेत होती, तिच्याच मार्गांनी संप शहराशहरांत पोचला. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १३ ऑक्टोबरला पीटर्सबर्गमध्ये कामगार प्रतिनिधींच्या सोव्हिएतची, म्हणजे परिषदेची, पहिली बैठक भरली, ५०० कामगारांमागे एक प्रतिनिधी या हिशेबाने. चार दिवसांनी, १७ तारखेला, झारला नागरी स्वातंत्र्याचा आणि निवडून आलेल्या ड्यूमाचा (संसदेचा) जाहीरनामा काढावा लागला. सुरुवात स्वल्पविरामाच्या पैशांपासून झाली होती, हे ट्रॉट्स्कीने १९०५ वरच्या पुस्तकात फार जिव्हाळ्याने सांगितलं आहे.

हे नीट डोक्यात बसलं की मगच रोझा लक्झेंबर्गची सामुदायिक संपावरची पुस्तिका उघडा. ती १९०५ च्या अखेरीस खोट्या कागदपत्रांवर वॉर्साला गेली, मार्च १९०६ मध्ये पकडली गेली, आणि सुटल्यावर त्या उन्हाळ्यात फिनलंडमधल्या कुओक्काला इथे बसून तिने हे लिहिलं. वाचक म्हणून तिच्या डोळ्यांसमोर जर्मनीतले पुढारी होते. १९०५ च्या मे महिन्यात कोलोनला भरलेल्या जर्मन कामगार संघटनांच्या अधिवेशनाने सार्वत्रिक संपाची चर्चासुद्धा नको म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं, आधी संघटना पूर्ण बांधू, निधी जमवू, मग वेळ आली की बघू. रोझा त्यांना रशिया दाखवते. सुरुवात ती १८९६ पासून करते. पीटर्सबर्गच्या कापडगिरण्या झारच्या राज्याभिषेकासाठी सक्तीने बंद ठेवल्या गेल्या आणि त्या दिवसांचा पगार कामगारांनी मागितला, इथून. मग बाटुम, रोस्तोव्ह, बाकू, ओडेसा, कीव्ह असं करत जानेवारी १९०५ मधल्या पुतिलोव्ह कारखान्यापर्यंत येते. हा भाग वाचताना नकाशा समोर ठेवाच. माझ्या विद्यार्थ्यांना मी रशियाचा कोरा नकाशा देते आणि ती ज्या क्रमाने गावांची नावं घेते त्या क्रमाने ठिपके टाकायला लावते. ठिपके सरळ रेषेत येत नाहीत. संप एका ठिकाणी विझतो, दुसरीकडे पेटतो, पगाराचा संप राजकीय होतो, राजकीय संप ओसरला की मागे पुन्हा शेकडो पगाराचे संप सोडून जातो. आर्थिक आणि राजकीय लढा ही दोन वेगळी खाती नाहीत, एकातून दुसरा निघतो आणि परत पहिल्याला बळ देतो, हा तिचा गाभ्याचा मुद्दा. संघटना ही लढ्याची पूर्वअट नसते, लढ्यातूनही संघटना जन्मते. तो नकाशा पुरा झाला की हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

लेनिनबद्दल नोट्समध्ये एकच ओळ असते: कामगार आपणहून फक्त युनियनच्या पातळीची जाणीव गाठतात, समाजवादी जाणीव बाहेरून आणावी लागते. हे १९०२ च्या 'काय करावे?' मधलं. पोलिसी राज्यात, देशभर विखुरलेल्या छोट्या अभ्यासगटांना एका वर्तमानपत्राभोवती बांधू पाहणारा माणूस हे लिहीत होता. तोच लेनिन नोव्हेंबर १९०५ मध्ये लिहितो की कामगारवर्ग स्वभावतःच, उत्स्फूर्तपणे समाजवादी लोकशाहीकडे वळलेला आहे, आणि पक्षाची दारं कामगारांना सताड उघडा. सोव्हिएत की पक्ष, असा प्रश्नच चुकीचा, दोन्ही हवेत, असंही तो त्याच महिन्यात म्हणतो. १९०२ चा आणि १९०५ चा लेनिन शेजारी ठेवून वाचल्याशिवाय 'उत्स्फूर्तता विरुद्ध संघटना' या विषयावर एक ओळही लिहू नका, असं मी कळकळीने सांगते. पुढे १९२० मध्ये तो क्रांतीची अट मांडतो ती फार उपयोगाची आहे: खालच्यांना जुन्या पद्धतीने जगायचं नसतं आणि वरच्यांना जुन्या पद्धतीने राज्य करता येत नाही, दोन्ही एका वेळी जुळून यावं लागतं. नुसत्या हालअपेष्टांनी क्रांती होत नाही, हे त्यात आलंच.

ट्रॉट्स्कीने १९०६ मध्ये तुरुंगात बसून वेगळाच प्रश्न घातला. रशियासारख्या मागासलेल्या देशात आधी भांडवली लोकशाही येईल, मग कित्येक दशकांनी समाजवाद, असा ठरलेला पाढा का? तिथला भांडवलदार दुबळा, परदेशी कर्ज आणि झारच्या आश्रयावर वाढलेला. कामगार मात्र थोडेच, पण प्रचंड कारखान्यांत एकवटलेले. तेव्हा सत्ता कामगारांच्या हाती आधी पडू शकते, आणि एकदा पडली की ते लोकशाही मागण्यांवर थांबू शकणार नाहीत. पण मागासलेल्या देशातलं हे कामगार सरकार युरोपातल्या क्रांतीच्या मदतीशिवाय टिकणार नाही. मार्क्स आणि एंगल्स यांनीही जाहीरनाम्याच्या १८८२ च्या रशियन आवृत्तीच्या प्रस्तावनेत रशियन क्रांती ही पश्चिमेतल्या क्रांतीचा इशारा ठरली तर काय होईल, याचा विचार केला होता. तेवढी दोन पानं सोबत वाचा.

१९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीबद्दल, जिच्यात झार गेला, एवढंच लक्षात ठेवा की पहिलं पाऊल पेट्रोग्राडच्या (पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव) व्हिबोर्ग भागातल्या कापडगिरण्यांमधल्या बायकांनी टाकलं, महिला दिनाला (जुन्या पंचांगाने तो फेब्रुवारीत येई), पावाच्या प्रश्नावर, आणि पक्षांचे स्थानिक पुढारी त्या दिवशी संपाच्या बाजूचे नव्हते.

रशियातली क्रांती युरोपात पसरते का, याची खरी कसोटी त्यानंतरची. कील बंदरातल्या खलाशांचं बंड नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीभर पसरलं, कैसर गेला, पण जानेवारी १९१९ मध्ये रोझाचा खून झाला. हंगेरीचं सोव्हिएत प्रजासत्ताक मार्च ते ऑगस्ट १९१९ एवढंच टिकलं. इटलीत सप्टेंबर १९२० मध्ये कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले आणि काही आठवड्यांत परत दिले. मार्च १९१९ मध्ये मॉस्कोत स्थापन झालेल्या कॉमिन्टर्नचा (देशोदेशींच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेचा) सगळा भरवसा युरोपवर होता आणि तो फळाला आला नाही. १९२४ च्या अखेरीस स्टालिनने 'एका देशात समाजवाद' मांडला तो या पार्श्वभूमीवर. ग्राम्शी इटलीतल्या ट्युरिनच्या कारखाना-समित्यांत वावरलेला माणूस. १९२६ मध्ये तुरुंगात गेल्यावर त्याने हाच पराभव उलगडायला घेतला. पश्चिमेत राज्यसंस्थेच्या मागे शाळा, चर्च, वर्तमानपत्रं, संघटना यांचे खंदक आहेत, त्यामुळे एका धडकेत काम होत नाही, दीर्घ मोर्चेबांधणी लागते, हे त्याचं उत्तर. ग्राम्शी नव्या वाचकांना फार आवडतो, पण १९२० चा ट्युरिन माहीत नसेल तर त्याचं सगळं म्हणणं संस्कृतीवरचं प्रवचन वाटायला लागतं. माओकडे शेवटी वळा. १९२७ मध्ये शांघायमधले कामगार चिरडले गेल्यावर पक्षाचं बळ शहरातून खेड्यात सरकलं, आणि क्रांती पसरण्याची सगळी कल्पनाच तिथे बदलली. तो स्वतंत्र अभ्यास आहे.

वाचनाच्या सोयीबद्दल थोडं. यातलं बहुतेक साहित्य मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतं, इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी घाबरू नये. रोझाची पुस्तिका छोटी आहे, दोघं-तिघं मिळून आळीपाळीने मोठ्याने वाचा आणि प्रत्येक प्रकरणाचा सारांश मराठीत एक पानभर लिहा. मराठीतली पुस्तकं प्रभादेवीला लोकवाङ्मय गृहात बघा. दुय्यम ग्रंथ मूळ पाठाच्या आधी घेऊ नका, दुसऱ्याचं मत आधी डोक्यात बसलं की ते हलवायला फार वेळ जातो.

आणि मग मुंबईकडे या. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, लष्कराने गोळीबार केला. लेनिनने त्याच दिवसांत लिहिलेल्या लेखात याची दखल घेतली आणि भारतातला कामगार जाणीवपूर्वक राजकीय लढा देण्याइतका तयार झाला, असं म्हटलं. रोझाने सांगितलेला उलटसुलट प्रवाह इथे तपासता येतो. वीस वर्षांनी, १९२८ मध्ये, गिरणीमालकांनी कामाची नवी पद्धत आणली: कामगार तेच, माग आणि चात्या जास्त. एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. गिरणी कामगार युनियन याच संपात उभी राहिली आणि वर्षअखेरीस तिचे सभासद ५०,००० च्या वर गेले. लढ्यातून संघटना जन्मते याचा याहून ठळक दाखला शोधायला रशियात जायला नको. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यात पुढारी उचलले गेले, त्या वर्षीचा संप फसला, युनियन खिळखिळी झाली. तेव्हा लेनिनचा संघटनेचा प्रश्नही तिथेच उभा आहे.

पण एक प्रश्न यांच्यापैकी कुणीच विचारलेला नाही, तो डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात विचारला. विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण सांगितलं जायचं धोट्याचं, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनाचं: कांडीवरचं सूत तुटलं की धोट्याच्या भोकातून ते तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि त्याच धोट्याला दुसऱ्याने तोंड लावणं सवर्ण विणकरांना चालत नसे. हा भेद जाण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह आंबेडकरांनी धरला, आणि पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. संप एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत पसरला, पण एकाच गिरणीत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाताना तो कुठे अडला, हे विचारल्याशिवाय महाराष्ट्रात हा विषय पुरा होत नाही. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर उतरले, तेही सोबत वाचायचं.

प्रबंधाचा विषय शोधत असाल तर हाच घ्या: १९२८ आणि १९३८ या दोन संपांच्या मधल्या काळात विणकाम खात्याच्या दाराशी काय बदललं. फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, मुंबई सरकारच्या कामगार खात्याचं मासिक 'लेबर गॅझेट' आहे, आंबेडकरांचं 'बहिष्कृत भारत' आहे. सुरुवात 'बहिष्कृत भारत'पासून करा, ते मराठीत आहे.