जुन्या दगडी भिंतीची ओल: दुरुस्तीत या चुका टाळा

दगडी भिंतीला ओल आली की पहिला हात जातो तो सिमेंटच्या पोत्याकडे, आणि बहुतेक भिंतींचे खरे नुकसान तिथूनच सुरू होते. चुन्यात बांधलेल्या भिंतीत शिरलेले पाणी मुख्यतः दगडांमधल्या दरजांतून वाफ होऊन बाहेर पडते. त्या सिमेंटने भरल्या की ही वाट बंद होते, पाणी दगडातूनच निघू लागते, त्याच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागालगत स्फटिकरूप धरतात आणि त्या दाबाने दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटची रेघ शाबूत पुढे आलेली आणि तिच्या कडेचा मऊ दगड मात्र झिजून आत गेलेला दिसतो. चुन्यात ‘मजबुतीसाठी थोडे सिमेंट’ मिसळण्याचा सल्लाही म्हणूनच मानू नये.

त्याआधीची चूक म्हणजे पाणी कुठून येते हे न पाहताच कामाला लागणे. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत ओल आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा खार दिसला, तर पाणी बहुधा पायातून चढत आहे. वरच्या भागात एकाच ठिकाणी डाग असेल, तर आधी पन्हळ आणि छप्पर तपासावे. बाहेर भराव घालून किंवा फरशी करून जमिनीची पातळी जोत्याच्या वर गेली असेल, तर ती उतरवल्याशिवाय बाकीचा खर्च वाया जातो. ओल मोजण्याच्या टोचणीच्या यंत्रावर विसंबू नये, कारण खारवलेल्या भिंतीत ते ओल वाढवून दाखवते.

पांढरा खार पाण्याने धुतला की विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतो. तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून दूर टाकावा. जलरोधक रंगाने डाग झाकला जातो, ओल नव्हे.

दरजा उकरताना चक्री यंत्र दगडाच्या कडा कापते, म्हणून छिन्नी-हातोडीच बरी. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान 25 मिलिमीटर असावी. धूळ झाडून, दरज भिजवून, चुना आणि वाळूचे साधारण 1:3 प्रमाणातले मिश्रण थरांनी दाबून भरावे आणि वर ओले गोणपाट काही दिवस ठेवावे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, आणि लवकर वाळला तर भुसभुशीत राहतो. जुने सिमेंट काढताना दगडाच्या कडाच तुटत असतील, तर ते तेवढ्यापुरते तसेच राहू द्यावे.