युरोपातल्या बेरोजगारीची विभागवार तुलना करताना या चुका टाळा

एम.ए. अर्थशास्त्राचे प्रकल्प सुरू झाले की सोलापुरातही कुणी ना कुणी युरोपचा नकाशा घेऊन येतंच. युरोस्टॅटची, म्हणजे युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाची, विभागवार आकडेवारी फुकट मिळते, एक्सेलमध्ये सहज उतरते आणि रंगवली की छान दिसते. दक्षिण स्पेन लाल, जर्मनीतला बव्हेरिया हिरवा, प्राग गडद हिरवा. मग खाली वाक्य येतं : ‘लाल भागांत काम नाही, हिरव्या भागांत आहे.’ घोळ इथूनच सुरू होतो.

दर कशावर काढलाय ते न पाहणं

बेरोजगारीचा दर लोकसंख्येवर काढत नाहीत, श्रमशक्तीवर काढतात. म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून. युरोस्टॅटच्या हिशेबात १५ ते ७४ वयाचा माणूस बेरोजगार ठरायला ढोबळमानाने तीन अटी लागतात : पाहणीच्या आठवड्यात तासभरही काम केलेलं नाही, गेल्या चार आठवड्यांत काम शोधलंय, आणि मिळालं तर दोन आठवड्यांत रुजू होता येतंय. शोधणं सोडलं की तो माणूस अंशातूनही जातो आणि छेदातूनही.

ही फूटपट्टी आपल्या गल्लीत लावून बघा. अभ्यासिकेत वर्षानुवर्षं एमपीएससी करणारा पोरगा नातेवाइकांच्या लेखी बेकार, पण या व्याख्येत तो श्रमशक्तीतच नाही. उलट घरी बसून विड्या वळणारी बाई रोजगारात धरली जाते, हजार विड्यांना मजुरी काय मिळते याच्याशी त्या दराला देणंघेणं नाही. त्यामुळे कमी दर दिसला की लगेच ‘सुबत्ता’ लिहू नका. ईशान्य रोमानिया हा युरोपीय संघातल्या गरीब विभागांपैकी एक, तरी तिथला दर कित्येक वर्षं कमीच राहिला आहे. शेतीत गुंतलेली माणसं आणि परदेशी गेलेली तरुण पिढी, दोन्ही बेरोजगारांच्या रकान्यात येत नाहीत. इटलीत तर २०२० साली, ऐन कोरोनात, वार्षिक दर २०१९ पेक्षा खाली आला. लोकांना कामं मिळाली होती असं नव्हे, टाळेबंदीत त्यांनी शोधणंच थांबवलं होतं. म्हणून दक्षिण इटलीतलं कालाब्रिया किंवा सिसिली दाखवताना शेजारी रोजगार दराचा (लोकसंख्येतले किती टक्के कामावर आहेत त्याचा), विशेषतः बायकांच्या रोजगार दराचा रकाना नसेल, तर मी तो तक्ता अर्धवटच समजतो.

तरुणांच्या आकड्यात हीच चूक मोठी होऊन दिसते. २०१३ मध्ये ग्रीसमध्ये १५ ते २४ वयाचा दर सुमारे ५८ टक्के होता. त्यावरून ‘निम्म्याहून जास्त तरुण बेकार’ असे मथळे निघाले. पण त्या वयातली बहुतेक मुलं शिकत होती. त्या वयोगटातल्या सगळ्यांवर भाग दिला तर प्रमाण १६-१७ टक्क्यांवर येतं. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त एका विभागाचा एक आणि दुसऱ्याचा दुसरा घेऊ नका.

दोन वेगळ्या वह्यांतले आकडे जुळवणं

‘सर, जर्मनीचा आकडा जुळत नाही.’ जुळणार नाहीच. न्यूरेम्बर्गच्या संघीय रोजगार संस्थेचा २०२४ चा दर ६ टक्के आहे आणि युरोस्टॅटचा साडेतीनच्याही आत. पहिला नोंदणीवरून निघतो, आणि आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करणारा तिथे बेरोजगार म्हणून नाव ठेवू शकतो. दुसरा घरोघरच्या पाहणीतून येतो. बव्हेरियाचा आकडा पहिल्यातून आणि दक्षिण स्पेनमधल्या अँडालुसियाचा दुसऱ्यातून उचलला, तर त्या तुलनेला अर्थ नाही.

खंड आणि संघ एकच समजणं

युरोस्टॅटच्या विभागवार दरांच्या यादीत वरच्या टोकाला बहुधा सेउता, मेलिया, मायोत, रियुनियन ही नावं दिसतात. पहिली दोन आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची स्पॅनिश शहरं, पुढची दोन हिंदी महासागरातली फ्रेंच बेटं. ‘युरोप खंडातला सर्वाधिक दर’ लिहिण्याआधी हे बघा. शिवाय सेउताची वस्ती लाखाच्याही आत, अँडालुसियाची ऐंशी लाखांच्या वर. स्पेनच्या १९ विभागांच्या दरांची सरळ सरासरी काढून ‘स्पेनचा दर’ म्हणणारे प्रकल्प मी पाहिलेत. सरासरी काढायचीच तर श्रमशक्तीचा भार देऊन काढा.

ब्रसेल्सचं कोडंही पुष्कळांना पडतं : नोकऱ्या भरपूर, तरी दर चढा. पाहणीत माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो. ब्रसेल्समधल्या बऱ्याच नोकऱ्या फ्लँडर्स आणि वालोनिया या बेल्जियमच्याच इतर विभागांतून रोज ये-जा करणारे करतात, त्यामुळे त्यांचा रोजगार ब्रसेल्सच्या खात्यात पडत नाही.

नकाशावर भोकं पडली तर

ग्रीस कोरा आला असेल तर संकेताक्षरं तपासा. युरोस्टॅट ग्रीसला ‘ईएल’ म्हणतं, तुमच्या नकाशाच्या फाइलमध्ये ‘जीआर’ असेल. आयर्लंड किंवा लिथुआनिया कोरा असेल तर विभागांच्या सीमांची आवृत्ती जुनी आहे. ‘नट्स’ ही युरोपीय संघाची विभागांची वर्गवारी मधूनमधून बदलते, आणि २०१६ च्या आवृत्तीत आयर्लंडचे दोनाचे तीन आणि लिथुआनियाचे एकाचे दोन विभाग झाले. आकड्याशेजारी ‘यू’ दिसला तर नमुना लहान, भरवसा कमी. ‘बी’ दिसला तर मालिका तुटलेली आहे. २०२१ पासून पाहणीचे नियम बदलले, म्हणून २०२० ते २०२१ मधली उडी सगळीच रोजगाराच्या बाजारातली समजू नका. नुसतं ‘:’ हे चिन्ह दिसलं तर आकडा उपलब्ध नाही. तिथे शून्य टाकलात तर तो विभाग नकाशावर सगळ्यात सुखी दिसेल! आणि ग्रीक बेटं किंवा स्पेनची बॅलेआरिक बेटं असतील तर एकाच तिमाहीवर निष्कर्ष काढू नका. पर्यटनाचा हंगाम सरला की तिथलं चित्र पालटतं.

शेवटी भारत जोडताना

मार्गदर्शक हमखास म्हणतात, ‘एक परिच्छेद भारतावर टाका.’ मग पीएलएफएसचा, म्हणजे भारत सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीचा, २०२३-२४ चा ३.२ टक्के दर येतो आणि भारत युरोपच्या पुढे निघून जातो. हा ३.२ ‘नेहमीच्या स्थिती’चा दर आहे, म्हणजे मागच्या पूर्ण वर्षावर आधारलेला, आणि वर्षात तीस दिवस दुय्यम काम केलेलाही त्यात रोजगारात येतो. साप्ताहिक स्थितीचा, म्हणजे मागच्या सात दिवसांवर आधारलेला दर त्याच वर्षी ४.९ होता. युरोपशेजारी ठेवायचा तर तोच निदान जवळचा, तरी वयोगट जुळत नाही, कारण आपल्याकडे १५ च्या वर कमाल मर्यादा नाही. ‘आणि सोलापूर जिल्ह्याचा?’ हा प्रश्न येतोच. पीएलएफएसच्या त्या वार्षिक अहवालात राज्यांचे दर आहेत, जिल्ह्यांचे नाहीत. तो रकाना रोजगार नोंदणी कार्यालयातल्या नावांच्या संख्येने भरू नका, रिकामाच ठेवा.