अमेरिकेतले पर्यावरण व सार्वजनिक आरोग्याचे फेडरल कायदे: अभ्यास कुठून सुरू करावा

एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), पर्यावरण अभियांत्रिकी किंवा एलएलएम करायला अमेरिकेत आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच सत्रात कायद्यांची लांबलचक यादी पडते. बरेच जण ती सनावळीसारखी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्यापेक्षा प्रत्येक कायद्याला एकच प्रश्न विचारावा: आधीचा कायदा नेमका कुठे अडला म्हणून हा करावा लागला? त्याचं उत्तर सापडलं की किचकट वाटणारी कलमंही सरळ वाचता येतात.

सुरुवात 1970 पासून करू नका. अमेरिकेच्या राज्यघटनेत प्रदूषणाचा किंवा सार्वजनिक आरोग्याचा विषय केंद्राकडे थेट सोपवलेला नाही. केंद्राचा हात पोचतो तो मुख्यतः आंतरराज्य व्यापाराच्या अधिकारातून. आपल्याकडेही पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळे 1974 चा जल कायदा घटनेच्या कलम 252 खाली, राज्यांचे ठराव घेऊन करावा लागला होता. ते ठाऊक असेल तर अमेरिकेतली अडचण लवकर लक्षात येते. 1899 च्या कायद्याने नद्यांत कचरा टाकायला बंदी घातली, पण तो कायदा जलवाहतुकीसाठीचा होता. 1914 मध्ये पिण्याच्या पाण्याचे पहिले फेडरल निकष आले, तेही फक्त राज्याराज्यांतून जाणाऱ्या आगगाड्यांवर आणि बोटींवर प्रवाशांना देण्यात येणाऱ्या पाण्यापुरते. शहराच्या नळाला ते बंधनकारक नव्हते.

शिशाचा माग

सगळे कायदे एकदम हाती घेण्यापेक्षा एक दूषित घटक निवडून त्याचा माग काढावा. पिण्याच्या पाण्यातलं शिसं त्यासाठी सगळ्यात उत्तम, कारण त्यात कायद्याचे जवळजवळ सगळे प्रकार भेटतात.

1925 च्या सुधारणेत शिशाचा निकष आला. 1962 मध्ये तो लिटरला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 50 मायक्रोग्रॅम झाला. बंधन मात्र अजूनही आंतरराज्य वाहतुकीपुरतंच. राज्यांनी हे निकष स्वीकारले ते आपापल्या मर्जीने. पुढे 969 पाणीपुरवठा यंत्रणांची पाहणी झाली. 1970 मध्ये तिचा अहवाल आला तेव्हा जवळपास 40 टक्के यंत्रणा निकषांत बसत नसल्याचं दिसलं. या पायावर 1974 चा सेफ ड्रिंकिंग वॉटर ॲक्ट उभा राहिला. किमान 15 जोडण्या असलेली, किंवा वर्षात किमान 60 दिवस 25 जणांना पाणी पुरवणारी प्रत्येक यंत्रणा, मग ती सरकारी असो वा खासगी, त्याच्या कक्षेत आली.

पण शिसं बहुतेक वेळा शुद्धीकरण केंद्रातून येतच नाही. ते येतं रस्त्याखालच्या जोडनळीतून, झाळातून आणि पितळी तोटीतून. केंद्रातून निघणाऱ्या पाण्यावर मर्यादा घालून उपयोग काय? म्हणून 1986 च्या दुरुस्तीने वस्तूंवरच बंधन आणलं. त्यात ‘लेड-फ्री’ची व्याख्या मात्र सैल होती: नळ्या आणि जोडांत 8 टक्क्यांपर्यंत शिसं चालत होतं. ही मर्यादा पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागाच्या सरासरीवर 0.25 टक्के झाली ती 2011 च्या कायद्याने, आणि लागू झाली 2014 मध्ये. कायद्यात रोजच्या वापरातला शब्द दिसला तरी त्याची व्याख्या असलेलं कलम उघडल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय इथेच लावून घ्या.

1991 च्या लेड अँड कॉपर रूलने वेगळीच वाट धरली. आरोग्याचं ध्येय ठेवलं शून्य, पण नळाच्या पाण्यावर सक्तीची कमाल मर्यादा घातली नाही. त्याऐवजी 15 मायक्रोग्रॅमची ‘ॲक्शन लेव्हल’ ठरवली. किमान सहा तास नळ बंद ठेवून, मग येणारं पहिलं एक लिटर पाणी नमुना म्हणून घ्यायचं आणि सगळ्या नमुन्यांचा 90 वा शतमक काढायचा. तो 15 च्या वर गेला तर गंजरोधक प्रक्रिया, लोकांना माहिती देणं, जोडनळ्या बदलणं ही कामं सुरू करायची.

विद्यार्थी हमखास अडखळतात ते इथे. समजा 20 नमुने घेतले. ते चढत्या क्रमाने लावले की 18 वा नमुना हा 90 वा शतमक. तो 14 असेल, तर वरचे दोन नमुने 200 आले तरी ॲक्शन लेव्हल ओलांडली असं होत नाही. म्हणजे 15 हा आकडा ‘इथवर पाणी सुरक्षित’ असं सांगणारा नाहीच. गंजरोधक प्रक्रिया चालते आहे की नाही, याची ती खूण आहे. वर्तमानपत्रांत आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत तो सर्रास सुरक्षिततेची मर्यादा म्हणून छापला जातो. ती चूक करू नका.

नमुन्यांची निवड किती निर्णायक असते ते मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात दिसलं. एप्रिल 2014 मध्ये शहराने पाण्याचा स्रोत बदलला आणि नदीच्या पाण्याला गंजरोधक प्रक्रिया केली नाही. 2015 च्या तपासणीत दोन नमुने यादीतून वगळल्यावर शहराचा आकडा 15 च्या खाली आला. ऑक्टोबर 2024 च्या नियमाने ॲक्शन लेव्हल 10 वर आणली आणि शिशाच्या बहुतेक जोडनळ्या दहा वर्षांत बदलायला सांगितलं. शिशाच्या जोडनळ्या असलेल्या घरांत पहिल्या लिटरबरोबर पाचवं लिटरही तपासायचं, कारण जोडनळीत रात्रभर थांबलेलं पाणी पहिल्या लिटरमध्ये येतच नाही.

मर्यादा कशावर ठरवली आहे?

फेडरल कायद्यांतला खरा फरक इथे आहे, आणि बहुतेक वर्गटिपणांत तो दोन ओळींत उरकलेला असतो. मर्यादा ठरवण्याच्या ढोबळ तीन रीती आहेत: फक्त आरोग्य पाहून, उपलब्ध तंत्रज्ञान पाहून, आणि खर्च व फायदा तोलून.

हवेच्या राष्ट्रीय गुणवत्ता निकषांचं उदाहरण घ्या. क्लीन एअर ॲक्टचं कलम 109 म्हणतं की प्राथमिक निकष सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणाला पुरेसा असावा आणि त्यात सुरक्षिततेसाठी जागा सोडलेली असावी. खर्चाचा उल्लेखच नाही. तो मुद्दाम वगळला आहे का, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हिटमन विरुद्ध अमेरिकन ट्रकिंग या खटल्यात सांगितलं की हे निकष ठरवताना ईपीएने, म्हणजे फेडरल पर्यावरण संरक्षण खात्याने, खर्च विचारात घ्यायचा नाही. खर्चाचा विचार होतो तो पुढच्या पायरीवर, राज्य जेव्हा आपला अंमलबजावणी आराखडा तयार करतं तेव्हा.

त्याच कायद्याचं कलम 112 घातक हवाई प्रदूषकांसाठी आहे. 1970 च्या मजकुरात तिथेही आरोग्याचीच कसोटी होती. कर्करोगकारक द्रव्याला सुरक्षित पातळी दाखवता येत नसेल तर मर्यादा शून्य ठेवायची का? मग कारखाने बंद करायचे का? या कोंडीत ईपीए अडकली आणि वीस वर्षांत जेमतेम सात प्रदूषकांचं नियमन झालं. 1990 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कलमाची रीतच बदलली. 189 प्रदूषकांची यादी कायद्यातच घातली आणि सांगितलं की आधी तंत्रज्ञानावर मर्यादा ठरवा: त्या उद्योगप्रकारातले सर्वांत स्वच्छ 12 टक्के कारखाने जे साधतात, ते चालू असलेल्या बाकीच्यांनीही साधायचं. उरलेला धोका आठ वर्षांनी तपासायचा. कडक शब्दांचा कायदा वीस वर्षं जवळपास ठप्प राहिला आणि दिसायला सौम्य रीत लागलीच कामाला आली. आमच्या मते अख्ख्या अभ्यासक्रमातला हा सगळ्यात मोलाचा धडा आहे. निबंधाला विषय हवा असेल तर हाच घ्या.

पाण्याच्या बाबतीतही तसंच घडलं. 1948 च्या आणि 1965 च्या कायद्यांत आधी नदीची अवस्था पाहायची आणि मग तिला जबाबदार कोण ते शोधायचं, असा उलटा प्रवास होता. दहा कारखाने एकाच पात्रात सोडत असतील तर कोणा एकावर बोट ठेवणं अशक्य. 1972 च्या क्लीन वॉटर ॲक्टने, जो राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून मंजूर झाला, सरळ सांगितलं की परवान्याशिवाय नळीतून किंवा चरातून काहीही सोडणं बेकायदा. परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा. शेतातून वाहून येणारं पावसाचं पाणी मात्र यातून वगळलेलं आहे, आणि नद्यांतल्या खतांचा प्रश्न आजही सुटत नाही याचं एक मोठं कारण तेच.

पिण्याच्या पाण्याच्या कायद्यात 1996 च्या दुरुस्तीने खर्च-फायद्याचा हिशेब मांडणं सक्तीचं केलं. त्यामुळे एकाच आर्सेनिकबद्दल हवेच्या, पाण्याच्या आणि कचऱ्याच्या कायद्यांत तीन वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. प्रश्नच वेगळे विचारलेले असतात.

कागद कुठले आणि कसे वाचायचे

एकाच कलमाला दोन क्रमांक असतात, ही नवख्यांची पहिली अडचण. काँग्रेसने मंजूर केलेल्या कायद्यातला क्रमांक वेगळा, यूएस कोडमधला, म्हणजे फेडरल कायद्यांच्या विषयवार संग्रहातला, वेगळा. क्लीन एअर ॲक्टचं कलम 112 म्हणजे यूएस कोडच्या शीर्षक 42 मधलं 7412. क्लीन वॉटर ॲक्टचं परवान्यांचं कलम 402 म्हणजे शीर्षक 33 मधलं 1342. अभियंते आणि ईपीएचे लोक पहिला क्रमांक बोलतात, न्यायालयं दुसरा लिहितात. दोन्हींचा तक्ता पहिल्याच आठवड्यात स्वतः तयार करा.

कायद्यात आकडे क्वचितच असतात. ते असतात कोड ऑफ फेडरल रेग्युलेशन्सच्या (सीएफआर, खात्यांनी केलेल्या नियमांचा संग्रह) शीर्षक 40 मध्ये: हवेचे निकष भाग 50, सांडपाण्याचे परवाने भाग 122, पिण्याचं पाणी भाग 141, घातक कचऱ्याची ओळख भाग 261. पण नुसता हा भाग वाचून ‘का’ कळत नाही. ते कळतं फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात अंतिम नियमाच्या आधी छापलेल्या प्रस्तावनेत. ती कधी कधी शंभर पानांची असते, पण कोणता अभ्यास ग्राह्य धरला, कोणता का नाकारला, कोणत्या हरकतीला काय उत्तर दिलं, सगळं तिथे सापडतं. वेळ कमी असेल तर आधी प्रस्तावना वाचा, नियम नंतर.

नियम होतो कसा, ते 1946 च्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसिजर ॲक्टमध्ये आहे. मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती घ्यायच्या, त्यांतल्या महत्त्वाच्या मुद्द्यांना उत्तर द्यायचं, मग अंतिम नियम. मोठ्या नियमांना साधारण 60 दिवस हरकतींसाठी मिळतात. हरकत नोंदवायला नागरिकत्व लागत नाही, त्यामुळे एफ-1 व्हिसावरचा विद्यार्थीही ती पाठवू शकतो. ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहून काही हलत नाही. मसुद्यातलं पान, गृहीतक आणि त्याविरुद्धचा विदा दिला तर ईपीएला उत्तर द्यावंच लागतं. हवेच्या नियमांत तर हरकतींच्या वेळी न मांडलेला मुद्दा सहसा पुढे न्यायालयात घेता येत नाही. आव्हानाच्या मुदतीही कायद्यागणिक बदलतात: पिण्याच्या पाण्याच्या नियमाला 45 दिवस, हवेच्या नियमाला 60, सांडपाण्याच्या ठरावीक नियमांना 120.

जून 2024 मध्ये लोपर ब्राइट खटल्याने 1984 पासूनचं शेव्हरॉन तत्त्व मोडीत काढलं. कायद्याचा मजकूर संदिग्ध असला तर खात्याचा वाजवी अर्थ न्यायालयाने मान्य करायचा, हे आता चालत नाही. त्याआधीची पाठ्यपुस्तकं वापरताना शेव्हरॉनवर उभी असलेली प्रकरणं खूण करून ठेवा. नियमाचा चालू मजकूर ऑनलाइन सीएफआरमध्ये त्या दिवशीची तारीख टाकूनच तपासा.

एक कायदा भारतीय वाचकाने सावकाश वाचावा असा आहे: 1986 चा इमर्जन्सी प्लॅनिंग अँड कम्युनिटी राइट-टू-नो ॲक्ट. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळला मिथाइल आयसोसायनेटने हजारो माणसं मारली. तेच रसायन युनियन कार्बाइड वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावी बनवत होती, आणि ऑगस्ट 1985 मध्ये त्या कारखान्यातूनही दुसऱ्या एका रसायनाची गळती झाली. शेजारच्या कारखान्यात काय साठवलं आहे, हे जाणण्याचा अमेरिकन नागरिकाचा हक्क भोपाळच्या मृतांमुळे कायद्यात आला. त्याखालची विषारी द्रव्यांची नोंदवही, टीआरआय, कोणालाही फुकट पाहता येते. शोधनिबंधासाठी तिच्याइतका सोपा विदा क्वचितच मिळेल. फक्त ती कारखान्यांनी स्वतः भरलेली असते, आणि अनेक आकडे मोजलेले नसून अंदाजलेले असतात. ही मर्यादा निबंधात लिहा.

नोकरीच्या बाजूने

ईपीएतल्या नियमित नोकऱ्यांना सहसा अमेरिकन नागरिकत्व लागतं. व्हिसावरच्या विद्यार्थ्यांनी सल्लागार कंपन्या, शहरांच्या पाणी व सांडपाणी संस्था आणि काही राज्यांची खाती पाहावीत. प्रवेश घेण्याआधीच पदवीचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक) विद्यापीठाला विचारा. तो स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तरच 12 महिन्यांच्या ओपीटीनंतर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर काम करण्याची मुभा) आणखी 24 महिने मिळतात, आणि एमपीएचच्या सगळ्याच शाखा त्या यादीत नसतात.

पहिलं काम बहुधा परवान्याच्या मासिक अहवालाचं येतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची कन्सेंट (संमतीपत्रं) हाताळलेल्यांना ते ओळखीचं वाटेल, आणि चुका तिथेच होतात. आपली बीओडी (सांडपाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या ऑक्सिजनची चाचणी) 27 अंशांवर तीन दिवसांची, इथली 20 अंशांवर पाच दिवसांची. दोन्हीकडे 30 मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी आकडे थेट ताडू नका. इथली 30 ही शहरी सांडपाण्याची 30 दिवसांची सरासरी असते, सात दिवसांच्या सरासरीला 45 चालतं, आणि शिवाय 85 टक्के घट दाखवावी लागते. बीओडीचा नमुना 48 तासांत लावायचा, उरलेलं क्लोरीन 15 मिनिटांत मोजायचं. प्रयोगशाळेने ‘आढळलं नाही’ म्हटलं तर अहवालात शून्य लिहू नका. परवान्यात सांगितलं असेल त्याप्रमाणे शोधमर्यादेपेक्षा कमी असं लिहा. चाचणीची पद्धत सीएफआरच्या शीर्षक 40, भाग 136 मध्ये मान्य असलेलीच हवी, नाहीतर आकडा कितीही अचूक असला तरी तो धरला जात नाही. आणि अहवालावर सही करणारा अधिकारी खोट्या माहितीबद्दल फौजदारी गुन्ह्याला पात्र ठरतो, म्हणून शंका असलेला आकडा सहीला जाण्याआधीच लेखी कळवा.