कोवळी पीटेड सिंगल माल्ट चाखताना

गोव्यातल्या कुंकळ्ळीत बनणारी पॉल जॉन बोल्ड ही पीटेड (धुरकट) सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) जवापासून बनलेली व्हिस्की, ४६ टक्के अल्कोहोलची. ट्युलिप (तोंडाशी निमुळत्या) ग्लासात २५ मिली ओता आणि दहा मिनिटं थांबा. गोव्याच्या उकाड्यात अल्कोहोल आधी नाकात घुसतं, म्हणून बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलेली बरी. बर्फ मात्र नको, वास दबतो. डासांची कॉइल विझवा, नाहीतर धूर नेमका कुठला ते कळणार नाही! तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवलेल्या जवामुळे राख, आयोडीन जाणवेल. धुरामागे कच्च्या धान्याचा, हिरव्या पेरचा वास आला तर तो कोवळेपणा, म्हणजे व्हिस्की पिंपात कमी वर्षं मुरल्याची खूण. पहिला घोट फक्त जीभ सरावण्यापुरता. मग पाऊण चहाचा चमचा पाणी घाला, तीव्रता ४० टक्क्यांवर येते. हुमण (गोव्याची माशांची आमटी) जेवून लगेच चाखू नका.