दरमहा पैसे न भरता फोटो सांभाळायचे तर
फोटोंचं सॉफ्टवेअर निवडताना फिल्टर किती आहेत हे नंतर बघा. आधी तपासा, तुम्ही फोटोंना दिलेले टॅग, पसंतीचे तारे आणि माणसांची नावं साठतात कुठे? फक्त त्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतील, तर उद्या ते सोडताना सगळी मेहनत तिथेच राहू शकते. फोटोत किंवा शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये (फोटोची ही माहिती ठेवणारी छोटी वेगळी फाइल) लिहिणारं निवडा. मोफत मिळणारं डिजिकॅम हे करतं; सेटिंग्जमधला मेटाडेटाचा, म्हणजे फोटोसोबतच्या या माहितीचा, पर्याय मात्र एकदा स्वतः बघा. रॉ फाइलींचे, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फोटोंचे, रंग-उजेड सुधारायला डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत. (डार्कटेबल शिकताना थोडा घाम निघतो.) एकात केलेले रंग-उजेडाचे बदल दुसऱ्यात सहसा जसेच्या तसे उमटत नाहीत, म्हणून तयार झालेले आवडते फोटो जेपेग किंवा टिफमध्येही काढून ठेवा.